बेडकाचा मूत्राशय, संप्रेरके आणि पाणी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

प्राणिशास्त्र आणि शरीरक्रियाशास्त्र शिकणारे विद्यार्थी, त्यांचे शिक्षक आणि निव्वळ कुतूहलापोटी लिहिणारे वाचक यांच्याकडून पुन्हापुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. सुरुवातीचे सोपे आहेत, पुढचे जरा अडचणीचे. एका उत्तराचा धागा दुसऱ्यात असेल तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. मूत्राशय म्हणजे लघवी साठवायची पिशवी. तिच्या भिंतीतून पाण्याची ये-जा होण्याचा प्रश्नच कुठे येतो?

माणसाचा मूत्राशय डोळ्यांसमोर ठेवला तर येत नाही. आपले मूत्रपिंड लघवी पक्की तयार करूनच खाली सोडते आणि मूत्राशय ती फक्त सांभाळतो. बेडकाचे तसे नाही. पाण्यात बसलेल्या बेडकाच्या कातडीतून सतत पाणी आत येत असते, म्हणून त्याचे मूत्रपिंड रक्तापेक्षा पुष्कळ पातळ लघवी करते. तोच बेडूक जमिनीवर आला की बाहेरचे पाणी तुटते आणि बाष्पीभवन सुरू होते. अशा वेळी मूत्राशयातली ती पातळ लघवी म्हणजे अंगावर बाळगलेला पाणीसाठा ठरतो. त्यातले पाणी भिंतीतून परत रक्तात घेतले जाते आणि किती घ्यायचे हे संप्रेरक ठरवते.

ऑस्ट्रेलियातला सायक्लोराना प्लॅटिसेफाला हा बेडूक या सोयीचे टोक आहे. पावसानंतर तो मूत्राशय भरून घेतो, जमिनीखाली पुरून घेतो आणि पुढचा पाऊस येईपर्यंत त्या साठ्यावर तग धरतो. तिथले आदिवासी दुष्काळात असे बेडूक उकरून काढून त्यांच्यातले पाणी पीत आले आहेत.

२. टोड (खडबडीत कातडीचा, जमिनीवर वावरणारा बेडूक) हातात धरला की पाणी सोडतो. ते हेच पाणी का? त्याने त्याला काही इजा होते का?

हो, ते मूत्राशयातलेच पाणी. पावसाळ्यात ही तूट थोड्या वेळात भरून निघते, कारण ओल्या जमिनीवर टेकल्याबरोबर पोटाच्या खालच्या कातडीतून तो पाणी ओढून घेतो. बेडूक तोंडाने पाणी पीत नाहीत. पण एप्रिल-मे महिन्यात, कुंडीखाली किंवा मोरीच्या कोपऱ्यात दडून बसलेल्या टोडने साठा सोडला तर त्याच्यावर जिवावरचा प्रसंग येऊ शकतो. म्हणून उन्हाळ्यात त्याला उगीच उचलू नका. उचलावेच लागले तर ओल्या मातीवर, सावलीत ठेवा.

३. हे संप्रेरक नेमके कोणते? पुस्तकात कुठे एडीएच, कुठे वासोप्रेसिन, तर कुठे वासोटोसिन लिहिलेले असते.

बेडकाच्या स्वतःच्या शरीरात असते ते आर्जिनीन वासोटोसिन. आपल्यात त्याच्या जागी आर्जिनीन वासोप्रेसिन असते आणि डुकरात लायसिन वासोप्रेसिन. एडीएच (अँटिडाययुरेटिक हार्मोन, म्हणजे लघवी कमी करणारे संप्रेरक) हे नाव कामावरून पडलेले आहे, त्यात हे सगळे बसतात. मेंदूच्या हायपोथॅलॅमस भागात ते तयार होते आणि पीयूषिका ग्रंथीच्या मागच्या खंडातून रक्तात सोडले जाते.

सगळ्यांची घडण नऊ अमिनो आम्लांची आहे. वासोटोसिनमध्ये तिसऱ्या जागी आयसोल्युसीन असते, म्हणजे त्याची कडी (साखळीचा वर्तुळाकार भाग) ऑक्सिटोसिन या प्रसूतीशी संबंधित संप्रेरकासारखी. आठव्या जागी आर्जिनीन असते, म्हणजे शेपूट वासोप्रेसिनसारखी. निसर्गात सापडण्याआधीच हा रेणू प्रयोगशाळेत बनला होता. व्हिन्सेंट द्यु व्हिन्यो यांना ऑक्सिटोसिनच्या संश्लेषणासह अशा कामासाठी १९५५ चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले. १९५८ मध्ये त्यांच्या गटाने दोन्ही संप्रेरकांचे असे जोडरूप तयार केले. इकडे कोंबडी आणि बेडूक यांच्या पीयूषिकेच्या अर्कात एक घटक होता, जो बेडकाच्या मूत्राशयावर जबरदस्त काम करायचा, पण ना ऑक्सिटोसिनशी जुळायचा ना वासोप्रेसिनशी. तो या जोडरूपाशी जुळला. ओळख पटवण्यात बेडकाच्या मूत्राशयाचा मोठा हात होता, हे या ऊतीबद्दल शिकवताना सांगायलाच हवे असे मला वाटते.

बेडकांत वासोटोसिनच्याच पूर्वरूपापासून हायड्रिन नावाचे जवळचे रेणूही तयार होतात. तेही मूत्राशयावर आणि कातडीवर काम करतात.

४. संप्रेरक पाणी आत ढकलते का?

नाही. उत्तरपत्रिकांत सर्वांत जास्त दिसणारी चूक हीच. पाणी वाहते ते परासरणाने, म्हणजे पातळ बाजूकडून संहत बाजूकडे. पिशवीत पातळ लघवी आणि बाहेर रक्त, एवढा फरक त्याला पुरतो. संप्रेरक करते ते इतकेच, की भिंतीची पाणी जाऊ देण्याची क्षमता वाढवते.

हे सिद्ध करणे सोपे आहे. पिशवीच्या आत आणि बाहेर सारख्याच संहतीचा द्रव ठेवा आणि संप्रेरक घाला. लक्षात येण्याजोगा परासरणी प्रवाह होत नाही. उलट संहतीत फरक ठेवा आणि संप्रेरक घालू नका. फरक असूनही पाणी जेमतेम झिरपते, कारण मूत्राशयाची आतली बाजू मुळात जवळजवळ जलरोधक असते. दोन्ही अटी एकत्र आल्या की प्रवाह कित्येक पटींनी वाढतो.

फरकाचा जोर किती असतो याचा हिशेब करून पाहा. उभयचरांसाठी वापरतात ते रिंगर द्रावण (रक्तासारखे क्षार असलेले पाणी) सुमारे २२५ मिलिऑस्मोलचे धरा; मिलिऑस्मोल हे विरघळलेल्या कणांच्या संहतीचे एकक. आत त्याचा एक पंचमांश विरल केलेला द्रव, म्हणजे ४५. फरक १८० मिलिऑस्मोल. खोलीच्या तापमानाला हा जवळजवळ ४.४ वातावरणाइतका परासरणी दाब होतो. इतका जोर असतानाही संप्रेरकाविना ती पातळ भिंत पाणी अडवून धरते.

५. मग पेशीत नेमके काय घडते?

भिंतीच्या आतल्या अस्तरात मुख्यत्वे कणमय पेशी असतात आणि पाण्याचे काम त्यांचेच. शेजारी मायटोकॉन्ड्रियाबहुल पेशी, श्लेष्मा सोडणाऱ्या पेशी आणि तळपेशी असतात. पाण्याच्या या गोष्टीत त्यांना स्थान नाही. हे १९६९ मध्ये सूक्ष्मदर्शकाखाली स्पष्ट दिसले. आत पातळ द्रव ठेवून वासोप्रेसिन दिले तेव्हा पाणी शिरून कणमय पेशी तेवढ्या फुगल्या, बाकीच्या आहेत तशाच राहिल्या.

कणमय पेशीच्या रक्ताकडच्या बाजूला संप्रेरकाचे रिसेप्टर, म्हणजे संप्रेरक ओळखणारी प्रथिने, असतात. तिथे संप्रेरक बसले की जी-प्रथिनामार्फत अॅडेनिलेट सायक्लेज हे विकर जागे होते आणि एटीपीपासून सायक्लिक एएमपी हा पेशीच्या आत निरोप पोचवणारा रेणू बनतो. त्यातून प्रोटीन कायनेज ए हे विकर कार्यान्वित होते. पेशीच्या आत पटलाच्या छोट्या पिशव्या तयारच असतात आणि त्यांच्या भिंतीत अॅक्वापोरिन म्हणजे पाण्याच्या वाहिन्या बसवलेल्या असतात. इशारा मिळताच त्या पिशव्या लघवीकडच्या पटलात जाऊन मिसळतात. आजवर बंद असलेल्या त्या पटलात वाहिन्या आल्या की पाणी पेशीत शिरते आणि मागच्या पटलातून रक्ताकडे निघून जाते. मागचे पटल आधीपासूनच पाण्याला मोकळे असते, त्यामुळे अडथळा खरा एकाच ठिकाणी आहे.

संप्रेरक धुऊन टाकले की पटलाचा तो भाग पेशी परत आत ओढून घेते आणि भिंत पुन्हा जलरोधक होते. म्हणजे वाहिन्या दर वेळी नव्याने बनवाव्या लागत नाहीत, त्यांची ने-आण होते. म्हणूनच परिणाम काही मिनिटांत दिसतो. अल्डोस्टेरॉन या अधिवृक्क ग्रंथीच्या संप्रेरकाला मात्र वेळ लागतो, ते प्रश्न ९ मध्ये.

६. हा प्रयोग प्रत्यक्षात कसा करत असत?

पीटर बेंटली यांनी १९५८ मध्ये केन टोडच्या मूत्राशयावर वापरलेली पद्धत आजही समजायला सर्वांत सोपी आहे. टोडचा मूत्राशय दोन भागांचा असतो, म्हणून एकाच प्राण्याचा एक भाग प्रयोगाला आणि दुसरा तुलनेला मिळतो. प्रत्येक भाग काचेच्या नळीच्या टोकाला दोऱ्याने बांधून पिशवी करायची. आत विरल रिंगर भरायचे, पिशवी पूर्ण संहतीच्या रिंगरमध्ये टांगायची आणि त्या द्रवात हवेचे बुडबुडे सोडत राहायचे. ठरावीक वेळाने पिशवी उचलायची, बाहेर चिकटलेला थेंब भांड्याच्या काठाला टेकवून उतरवायचा आणि वजन करायचे. वजन जितके घटले तितके पाणी भिंतीतून बाहेर गेले. एक ग्रॅम म्हणजे जवळपास एक मिलिलिटर.

सगळी मदार गाठीवर असते. गाठ किंचितही गळत असेल तर ती घट संप्रेरकाच्या खात्यावर जमा होते. म्हणून आधी संप्रेरक न घालता बराच वेळ वजने घेतात. घट नगण्य असेल तरच ती पिशवी वापरायची.

७. संप्रेरक पिशवीच्या आत घातले तर चालेल का?

चालणार नाही. रिसेप्टर रक्ताकडच्या बाजूला आहेत आणि आतली बाजू या पेप्टाइडला आत शिरू देत नाही. प्रयोगात संप्रेरक नेहमी बाहेरच्या द्रवात घालतात. जिवंत प्राण्यातही ते रक्तातूनच, म्हणजे त्याच बाजूने येते. "आत घातले, परिणाम दिसला नाही, संप्रेरक खराब असेल" अशी तक्रार आली की पहिला प्रश्न बाजूचाच विचारावा.

८. पेशीत वाहिन्या आहेत हे कळले कसे? आधी तर 'छिद्रे मोठी होतात' असे शिकवत.

बरोबर, तसेच शिकवत आणि त्यामागे चुकीचा तर्क नव्हता. १९५३ मध्ये कोपनहेगनला कोफोड-जॉन्सेन आणि हान्स उसिंग यांना बेडकाच्या कातडीत एक विसंगती दिसली. संप्रेरक दिल्यावर परासरणी प्रवाह पुष्कळ वाढतो, पण समस्थानिकाने खूण केलेले पाणी विसरणाने पलीकडे जाण्याचा वेग थोडाच वाढतो. पाणी छिद्रातून झुंडीने वाहते आणि संप्रेरकाने छिद्रे रुंदावतात असे मानले तर हे जुळते. पुढे बॉस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमध्ये अलेक्झांडर लीफ आणि रिचर्ड हेज यांना टोडच्या मूत्राशयातही तेच दिसले.

अडचण होती ती भिंतीलगतच्या न ढवळल्या जाणाऱ्या द्रवाच्या थराची. विसरणाने जाणाऱ्या खुणेच्या पाण्याला हा थर आणि अस्तराखालची संयोजी ऊती पार करण्यातच बराच अडथळा होतो. म्हणून भिंतीची विसरणक्षमता मोजमापात खऱ्यापेक्षा कमी येते आणि दोन आकड्यांतली दरी फुगते. ती दुरुस्ती केल्यावर छिद्रे रुंदावण्याची गरजच उरत नाही. अरुंद वाहिन्यांची संख्या वाढते, एवढे मानले की पुरते.

मग डोळ्यांना दिसणारा पुरावा आला. पेशी गोठवून, पटल मधोमध फोडून इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले तेव्हा संप्रेरक दिलेल्या पेशींच्या लघवीकडच्या पटलात कणांचे नेटके पुंजके दिसले. संप्रेरक न दिलेल्या पेशींत ते जवळजवळ नव्हते. १९७४ मध्ये शेव्हालिए, बुर्गे आणि ह्युगों यांनी बेडकात, तर १९७५ मध्ये काचाडोरियन, वेड आणि डिस्काला यांनी टोडमध्ये हे दाखवले. पुंजके जितके जास्त तितका प्रवाह जास्त, हेही दिसले. तेच पुंजके पेशीच्या आतल्या नळीसारख्या पिशव्यांच्या भिंतीतही सापडले आणि ने-आण होण्याची कल्पना पक्की झाली.

पाण्याची वाहिनी म्हणजे कोणते प्रथिन, हे पीटर अॅग्रे यांच्या १९९२ च्या कामाने उलगडले. त्यासाठी त्यांना २००३ चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले. १९९३ मध्ये मूत्रपिंडातले अॅक्वापोरिन-२ सापडले. नंतर जपानी वृक्षबेडकाच्या मूत्राशयात संप्रेरकाला प्रतिसाद देणारे अॅक्वापोरिनही ओळखले गेले. म्हणजे वाहिन्यांची ये-जा बेडकात पाहिल्यानंतर जवळजवळ दोन दशकांनी त्यांचे प्रथिन हाती लागले.

९. अल्डोस्टेरॉनही मूत्राशयावर काम करते ना? मग तेही पाणी शोषून घेते असे लिहायचे का?

अल्डोस्टेरॉनचे मुख्य काम सोडियमचे. १९६१ मध्ये जाँ क्राबे यांनी शरीराबाहेर काढलेल्या टोडच्या मूत्राशयावर ते दाखवले. परिणाम दिसायला तासभर किंवा त्याहून जास्त लागतो, कारण आधी जनुकांवरून आरएनए आणि मग प्रथिने तयार व्हावी लागतात. आरएनए बनण्याची क्रिया अॅक्टिनोमायसिनने थांबवली की हा परिणाम होत नाही.

पाण्याची वाट मात्र अल्डोस्टेरॉन स्वतः उघडत नाही. त्याच्या उपस्थितीत वासोप्रेसिनचा परिणाम वाढू शकतो, इतकेच. उत्तरात दोन्हींची कामे वेगळी लिहा.

१०. वासोप्रेसिनने सोडियमचे शोषणही वाढते. मग सोडियममागून पाणी जाते, असे म्हटले तर काय बिघडले?

दोन्ही गोष्टी एकाच इशाऱ्याने सुरू होतात, पण वाटा वेगळ्या आहेत. आतल्या बाजूने अमिलोराइड (सोडियमची वाट अडवणारे औषध) घातले की सोडियमचे वहन बंद पडते, पाण्याचा प्रवाह चालूच राहतो. उलट बाहेरच्या द्रवात कॅल्शियम बरेच वाढवले तर वासोप्रेसिनचा पाण्यावरचा परिणाम दबतो, सोडियमवरचा टिकून राहतो. एक बंद करून दुसरे चालू ठेवता येते, म्हणजे एकाच्या मागे दुसरे फरफटत जात नाही.

युरियाची तिसरी वाट आहे. वासोप्रेसिनने तीही उघडते, पण फ्लोरेटिन घातले तर युरिया अडतो आणि पाणी जात राहते. पाणी आणि युरिया एकाच छिद्रातून जातात ही जुनी कल्पना यामुळेही मागे पडली (प्रश्न ८).

११. संप्रेरक न देता हा परिणाम घडवता येतो का?

येतो, आणि साखळीची कडी न् कडी तपासायला याचाच उपयोग झाला. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला ऑर्लोफ आणि हँडलर यांनी बाहेरच्या द्रवात सायक्लिक एएमपी घातले, तर संप्रेरकाविना प्रवाह वाढला. सायक्लिक एएमपी मोडणारे विकर अडवणाऱ्या थिओफिलीननेही तसेच झाले. आत दुसरा निरोप्या आहे ही अर्ल सदरलँड यांची कल्पना त्या काळी नवी होती. त्यांना १९७१ चे नोबेल मिळाले. टोडच्या मूत्राशयाने तिला भक्कम आधार दिला.

एक अपवादही लक्षात ठेवा. रक्ताकडचा द्रव नेहमीपेक्षा बराच संहत केला तर संप्रेरक नसतानाही आतल्या पटलाची पाण्याची पारगम्यता वाढते. तुलनेच्या पिशवीत प्रवाह अनपेक्षितपणे वाढलेला दिसला तर बाहेरच्या द्रावणाची संहती आधी तपासावी.

१२. आणि परिणाम कमी कशाने होतो?

प्रोस्टाग्लँडिन ई या गटाने, जे ही ऊती स्वतःही बनवते. ते अॅडेनिलेट सायक्लेजला आवर घालतात. म्हणून इंडोमेथासिन देऊन त्यांची निर्मिती थांबवली की त्याच मात्रेत संप्रेरकाचा परिणाम जास्त दिसतो. नॉरअॅड्रेनालीनही अल्फा रिसेप्टरमार्फत प्रवाह कमी करते. कोल्चिसीन आणि सायटोकॅलासिन-बी यांनी पेशीतले सूक्ष्मनलिकांचे आणि सूक्ष्मतंतूंचे जाळे बिघडवले तरी प्रतिसाद मंदावतो, कारण पिशव्या पटलापर्यंत नेण्याची सोयच मोडते.

१३. सगळ्या उभयचरांत हे असेच चालते का?

नाही. जमिनीवर वावरणाऱ्या टोडांत आणि बऱ्याच बेडकांत प्रतिसाद ठळक आहे. आयुष्यभर पाण्यात राहणाऱ्या झेनोपस या बेडकाच्या मूत्राशयावर वासोटोसिनचा पाण्याच्या बाबतीत फारसा परिणाम होत नाही आणि पाण्यातच राहणाऱ्या नेक्टुरस या सॅलॅमँडरचेही (शेपूट असलेल्या उभयचराचेही) तेच. ज्याला पाण्याची ददात नाही त्याने साठा मागे घ्यायचा कशासाठी? पण म्हणून 'बेडकांत असे होते, सॅलॅमँडरांत होत नाही' अशी वाटणी करू नका. जमिनीवरच्या फायर सॅलॅमँडरचा मूत्राशय प्रतिसाद देतो. वंशापेक्षा राहणीमान पाहिले तर अंदाज बरोबर येतो.

शिवाय वासोटोसिन फक्त मूत्राशयापुरते नाही. ते कातडीतून पाणी घेणे वाढवते आणि मूत्रपिंडात गाळण कमी करते. १९२१ मध्ये ब्रून यांनी पीयूषिकेचा अर्क टोचलेल्या बेडकांचे पाण्यात ठेवल्यावर वजन वाढते हे दाखवले, त्यात या जागांचा एकत्रित परिणाम होता.

१४. याचा माणसाशी काय संबंध? आपल्या मूत्राशयात तर हे होत नाही.

आपल्याकडे हेच काम मूत्रपिंडातल्या संग्राहक नलिका करतात. वासोप्रेसिन, सायक्लिक एएमपी, पिशव्यांची ने-आण, अॅक्वापोरिन-२ हा सगळा क्रम तिथे आहे. त्या नलिका इतक्या बारीक आहेत, की एकेक सुटी करून तपासणे फार कष्टाचे काम आहे. टोडचा मूत्राशय मात्र पातळ, सपाट, हाताळायला सोपा आणि तासन्तास जिवंत राहणारा. म्हणून दशकानुदशके तो नलिकेचा प्रतिनिधी म्हणून वापरला गेला.

वासोप्रेसिनचा व्ही२ रिसेप्टर किंवा अॅक्वापोरिन-२ जन्मतः सदोष असेल तर दिवसभर भरपूर पातळ लघवी होते, तहान भागत नाही. हा मूत्रपिंडाच्या दोषामुळे होणारा डायबिटीस इन्सिपिडस. साखरेच्या मधुमेहाशी त्याचा संबंध नाही. मनोविकारावर दीर्घकाळ लिथियम घेणाऱ्या काही रुग्णांतही असे होते. बाळ सतत पाणी मागत असेल, लंगोट नेहमीपेक्षा फार भिजत असतील आणि वजन वाढत नसेल तर बालरोगतज्ज्ञांना दाखवायला उशीर करू नका.

१५. आम्हाला कॉलेजात हा प्रयोग करता येईल का?

पदवीच्या प्रात्यक्षिकात नाही. यूजीसीने २०११ मध्ये विच्छेदन टप्प्याटप्प्याने बंद करण्याच्या सूचना दिल्या आणि २०१४ मध्ये ते थांबवण्यास सांगितले. बेडूक पकडून आणणे तर त्याहून वाईट. भारताने १९८७ मध्ये बेडकांच्या पायांची निर्यात बंद केली ती शेतांतले बेडूक संपत चालले म्हणून. शिकण्यासाठी या विषयावर जुनी आकडेवारी भरपूर आहे. तिच्यातले वजन आणि वेळ यांचे आलेख विद्यार्थ्यांना स्वतः काढायला लावा आणि संप्रेरक कोणत्या मिनिटाला घातले ते रेषेवरून ओळखायला सांगा. बटाट्याचे किंवा अंड्याच्या पापुद्र्याचे प्रयोग परासरण दाखवतात, संप्रेरकाचा भाग त्यांत येत नाही, हेही त्याच तासाला स्पष्ट करा.

१६. संप्रेरकाच्या जोरावर टोड मूत्राशय पूर्ण कोरडा करू शकतो का?

केवळ परासरणाने नाही. पाणी बाहेर जाते तशी आतली लघवी संहत होत जाते. ती रक्ताइतकी झाली की फरक संपतो आणि भिंत कितीही पारगम्य असली तरी प्रवाह थांबतो. पुढे पाणी मिळवायचे तर आतले सोडियमही ओढून घ्यावे लागते, म्हणजे लघवी पुन्हा पातळ पडते आणि पाणी मागे येते. प्रश्न १० मध्ये सोडियम आणि पाणी यांच्या वाटा वेगळ्या आहेत म्हटले, त्याला याने बाध येत नाही. वाटा वेगळ्याच आहेत, पण उतार टिकवायला सोडियमची मदत होते. युरियासारखे जे आत उरते ते मात्र पाणी धरून ठेवते. उभयचरांच्या मूत्रपिंडात हेन्लेचा पाश नसतो, त्यामुळे रक्तापेक्षा संहत लघवी करण्याची सोय त्यांच्याकडे मुळातच नाही.

१७. संप्रेरक दिलेले असताना पाणी उलटे, रक्ताकडून मूत्राशयात, जाऊ शकते का?

जाऊ शकते. वाहिनीला दिशा नसते, दिशा संहतीतला फरक ठरवतो. प्रयोगात आतला द्रव बाहेरच्यापेक्षा संहत ठेवून वासोप्रेसिन दिले तर पाणी आत येते आणि पिशवीचे वजन वाढते. जिवंत टोडमध्ये ही वेळ सहसा येत नाही, कारण प्रश्न १६ मध्ये म्हटल्याप्रमाणे त्याची लघवी रक्तापेक्षा संहत होत नाही. परीक्षेत 'वासोप्रेसिनने पाणी नेहमी रक्ताकडेच जाते, चूक की बरोबर' असे विचारले तर उत्तर चूक, आणि कारण लिहिताना आतल्या-बाहेरच्या संहतीचे आकडे घालून लिहा.